स्कोअरबोर्डवर न दिसणारे चेंडू

स्कोअरबोर्डवर एवढंच दिसतं: १ इनिंग, १५ चेंडू. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये रिलीफ पिचरचं, म्हणजे सामन्याच्या मध्येच बदली येणाऱ्या गोलंदाजाचं, काम साधारण एवढंच असतं. त्याच्या कोपराचा हिशेब मात्र वेगळा असतो. मैदानाच्या कडेला, हात गरम करायच्या जागेत म्हणजे बुलपेनमध्ये टाकलेले वीसेक चेंडू, मग माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, आल्यावर सरावाचे सात-आठ, आणि त्यानंतर हे मोजलेले पंधरा. म्हणजे चाळीसच्या वर. ज्या दिवशी बुलपेनमध्ये हात गरम करूनही कप्तानाने, म्हणजे इथे मॅनेजरने, त्याला बोलावलंच नाही, त्या दिवशी नोंद शून्य. हात मात्र वापरला गेलेलाच असतो. या धंद्यातली कारकीर्द किती टिकते हे ठरवण्यात या न मोजलेल्या चेंडूंचा वाटा मोठा आहे.

थोडं खेळाबद्दल. सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन फलंदाज बाद करायचे. सुरुवात करणारा स्टार्टर पाच-सहा इनिंग टाकतो आणि चार-पाच दिवस विश्रांती घेतो. तो थकला किंवा मार खाऊ लागला की रिलीफ पिचर येतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, म्हणून बदल कधी करायचा हा निर्णय जोखमीचा. निसटती आघाडी शेवटच्या इनिंगमध्ये राखणारा तो क्लोजर. आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नसताना येऊन पूर्ण इनिंग टाकली आणि सामना जिंकून दिला, की त्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. सेव्हचे आणखी दोन-तीन निकष आहेत, पण बहुतेक सेव्ह याच प्रकारचे. १९६९पासून ही अधिकृत नोंद आहे.

स्टार्टरला आपला दिवस आधीच ठाऊक असतो. रिलीफ पिचरला मिनिटंही ठाऊक नसतात. चौथ्या-पाचव्या इनिंगच्या सुमारास तो स्नायू ताणायला उठतो. बुलपेनमधला फोन वाजला की जॅकेट काढून आधी उभ्या कॅचरकडे हलके चेंडू, मग कॅचर खाली बसला की फास्टबॉल, शेवटी वळणारे चेंडू. अनुभवी माणूस पंधरा चेंडूंत तयार होतो, नवख्याला तीस लागतात. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. फोन वाजताच पूर्ण जोर लावायचा, मग पुढचा अर्धा तास बसून राहायचं, आणि पुन्हा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ दोन दिवस टाकल्यावर तिसऱ्या दिवशी सुट्टी देण्याकडे संघांचा कल असतो. त्या हिशेबात बुलपेनमध्ये वाया गेलेला दिवस धरणारा प्रशिक्षक खरा शहाणा.

आता कोपराकडे. माउंडपासून फलंदाजापर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. पिचर लांब पाऊल टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साडेसोळा-सतरा मीटरच कापायचे असतात. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटरचा चेंडू ते ०.४ सेकंदात कापतो. हा वेग येतो खांद्याच्या फिरण्यातून. हात आधी इतका मागे पडतो की मनगट जवळजवळ पाठीमागे लोळतं, आणि तिथून दंड सेकंदाला सुमारे ७,००० अंश या गतीने पुढे फिरतो. मागचं टोक आणि पुढची झेप यांच्या मधल्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं. तो पीळ मोजला तर साधारण ६४ न्यूटन-मीटर भरतो: एक मीटर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला साडेसहा किलो वजन टांगल्यावर दांड्याच्या मुळाशी बसेल तेवढा.

हा पीळ अडवायला कोपराच्या आतल्या बाजूला दंडाच्या हाडापासून अल्ना या हाडापर्यंत गेलेला अस्थिबंध असतो, अल्नर कोलॅटरल लिगामेंट. मृतदेहांवरच्या चाचण्यांत तो ३२-३३ न्यूटन-मीटरला तुटतो. मग जिवंत पिचरचा तो प्रत्येक चेंडूला का तुटत नाही? कारण निम्मा भार इतरांवर असतो. काही हाडांच्या एकमेकांत बसलेल्या आकारावर, काही कोपराच्या आतल्या कडेपासून निघून मनगट वाकवणाऱ्या आणि तळवा खाली वळवणाऱ्या स्नायूंवर. या स्नायूंनी वेळेवर आकुंचन पावलं तर अस्थिबंध वाचतो. ते थकले की त्यांचा वाटाही अस्थिबंधावर येतो. स्नायूला रात्रभराच्या विश्रांतीने बरंच सावरता येतं. अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी, त्याची डागडुजी फार संथ, त्यामुळे बारीक चिरा साठत जातात. एके दिवशी चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून जातो, मग पुढचा जमिनीत आपटतो, आणि एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. नेम सुटणं हे वेग घटण्याआधीचं लक्षण असू शकतं. वेदना कधीकधी सगळ्यात शेवटी येते.

१९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्स या एकाच संघात या प्रश्नाची दोन टोकं होती. रिलीफ पिचर माइक मार्शल त्या वर्षी १०६ सामन्यांत उतरला आणि २०८ इनिंग टाकल्या. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मार्शल शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक होता, पुढे त्याने डॉक्टरेटही घेतली, आणि चेंडू सोडताना तळवा बाहेर वळवावा असा आग्रह आयुष्यभर धरला. त्याच संघातला स्टार्टर टॉमी जॉन याचा अस्थिबंध जुलैमध्ये तुटला. २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी एक नवी शस्त्रक्रिया केली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ला परतला, १९८९पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

शस्त्रक्रियेत मनगटातला पामॅरिस लाँगस नावाचा कंडरा काढतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवलं की मधोमध उठून दिसणारी दोरी ती हीच. तो काही लोकांना जन्मतःच नसतो, मग मांडीमागचा कंडरा घेतात. दोन्ही हाडांत भोकं पाडून तो त्यातून ओवतात. पहिले चार-पाच महिने चेंडू नाही, मग हलकी फेक, नवव्या महिन्याच्या आसपास माउंड, आणि सामन्यात परतायला १२ ते १८ महिने. रिलीफ पिचरच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा चांगले हंगाम येत असतील, तर त्यातला एक यात जातो.

डॉजर्सचाच क्लोजर एरिक गान्ये याचेही हंगाम दुखापतीत गेले. २००२ ते २००४ या काळात त्याने लागोपाठ ८४ संधी सेव्हमध्ये बदलल्या, २००३ साली ५५ पैकी ५५. २००५मध्ये तो १४ सामने खेळला आणि त्यापुढच्या वर्षी दोन. कोपर आणि पाठ, दोन्ही गेले होते.

मारियानो रिव्हेरा मात्र १९ हंगाम टिकला. पनामातल्या मच्छीमार वस्तीत वाढलेला हा माणूस न्यूयॉर्क यांकीजने १९९० साली किरकोळ रकमेत घेतला. १९९२मध्ये त्याच्याही कोपरावर डॉ. जोब यांनी शस्त्रक्रिया केली, पण अस्थिबंध बदलावा लागला नाही. १९९५ला तो स्टार्टर म्हणून आला आणि चालला नाही. रिलीफमध्ये गेल्यावर चमकला, आणि १९९७मध्ये क्लोजर झाला. त्याच वर्षी सहकाऱ्याशी फेकाफेकी करताना त्याच्या हातून चेंडू शेवटी आपोआप डावीकडे सरकू लागला. हा कटर.

कटरची पकड फास्टबॉलसारखीच, बोटं फक्त मध्यापासून किंचित बाजूला, आणि सोडताना जोर मधल्या बोटावर. त्याने चेंडूच्या फिरण्याचा आस थोडा कलतो. वळण काही इंचांचंच, पण वेग फास्टबॉलएवढा असल्याने फलंदाज फसतो. बॅटच्या जाड भागावर येणारा चेंडू मुठीजवळ लागतो. डावखुऱ्यांच्या बॅटी रिव्हेराने कित्येक मोडल्या. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पलीकडचं: जवळजवळ एकच चेंडू, एकच हालचाल, कमीत कमी चेंडूंत इनिंग संपवणं. त्याची कारकीर्द १,२८३ इनिंगची. ६५२ सेव्ह हा विक्रम, आणि २०१९ साली हॉल ऑफ फेममध्ये शंभर टक्के मतांनी निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. २०१२ला त्याचा हंगाम संपला तो कोपराने नव्हे, सरावात झेल घेताना गुडघा गेला म्हणून.

कटर चाललाच आणि सामना गेला, असंही झालं. २००१च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये लुईस गोन्झालेझच्या बॅटच्या मुठीजवळ चेंडू लागला, अगदी हवा तसा. पण एक धाव रोखायला क्षेत्ररक्षक पुढे आणलेले होते. चेंडू त्यांच्या डोक्यावरून हळूच पडला आणि अॅरिझोना जिंकली.

रिव्हेरासारखे अपवाद. बाकीच्यांचं जगणं नियमांत अडकलेलं असतं. संघात २६ जागा, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. नवख्या पिचरला संघ तीन हंगामांपर्यंत, आणि एका हंगामात पाच वेळा, खालच्या लीगमध्ये पाठवू शकतो. काल ४० चेंडू टाकलेल्या तरुणाला आज खाली पाठवून ताज्या हाताचा दुसरा बोलावला जातो. मुक्तपणे करार करता यायला सहा वर्षांची सेवा लागते, आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष. एकाच डावखुऱ्या फलंदाजासाठी येणारे डावखुरे पिचर तर २०२०च्या नियमाने संपले. आता आलेल्याला किमान तीन फलंदाज किंवा इनिंगचा शेवट गाठावाच लागतो. त्यातच वेगाची स्पर्धा: २००८ साली सरासरी फास्टबॉल ताशी ९१-९२ मैलांचा होता, आता ९४च्या पुढे.

या वाटेवर उत्तर प्रदेशातला एक भालाफेकपटूही चालून आला. २००८मध्ये भारतभर घेतलेल्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडलेला डावखुरा रिंकू सिंग पिट्सबर्ग पायरेट्सच्या संघटनेत गेला. त्याआधी त्याने बेसबॉल खेळलेला नव्हता. खालच्या लीगमध्ये तो मुख्यतः रिलीफमध्ये टाकत वर चढत गेला. मग कोपराचा अस्थिबंध बदलावा लागला, त्यानंतर तो मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला.