शेवटच्या नळाला क्लोरीन उरते का?

मृगाचे दोन-चार सडाके पडले की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. सुरगाणा, पेठ नाहीतर त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ येते आणि पाण्याचे नमुने तपासणीला जातात. बातमीच्या शेवटी गावकऱ्यांचे म्हणणे असते : पाणी तर चांगले नितळ होते. ते खोटे बोलत नसतात. लिटरभर पाण्यात लाखो जंतू असले तरी डोळ्यांना ते पाणी नितळच दिसते.

हा सगळा पट्टा काळ्या बेसॉल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून वाट काढते. वाळूच्या जाड थरातून सावकाश झिरपणारे पाणी वाटेत बरेचसे गाळले जाते. भेगेतून धावणाऱ्या पाण्याला तेवढी सवड मिळत नाही. म्हणून उघड्यावरची घाण पहिल्या जोरदार पावसात थेट विहिरीत आणि झऱ्यात उतरते. पूर्वी अशा वेळी मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. गाडा शिवेपार जायचा, विहीर मात्र तीच राहायची.

विहिरीवर करायचा उपाय ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्यात पडलेला असतो : टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉ. जॉन लील यांनी तीच पावडर रोजच्या रोज, मोजून मिसळायला सुरुवात केली. पाणी करारात ठरल्याइतके शुद्ध नाही म्हणून शहराचा पाणी कंपनीशी आधीच खटला चालू होता. त्यात या पद्धतीचीही उलटतपासणी झाली, आणि कोर्टाने लील यांची पद्धत मान्य केली.

ही पावडर पाण्यात पडल्यावर जे घडते ते मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. या आम्लाचा रेणू पाण्यात दोन रूपांत वावरतो : एक अख्खा, विद्युतभार नसलेला रेणू आणि दुसरा, हायड्रोजन सोडून ऋणभारित झालेला हायपोक्लोराइट आयन. जिवाणूच्या पेशीचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. त्यामुळे ऋणभारित आयन बाहेरच ढकलला जातो. भार नसलेला छोटा रेणू मात्र पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरतो आणि तिथल्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या बंधांवर तुटून पडतो. विकरे (एन्झाइम) बंद पडतात, श्वसन थांबते, पेशी मरते. जंतू मारण्याच्या कामात अख्खा रेणू आयनापेक्षा सुमारे 80 ते 100 पट सरस धरला जातो.

यातला अख्ख्या रेणूंचा वाटा किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. सामू 7.5 च्या आसपास असेल तर दोन्ही रूपे निम्मी-निम्मी. 6.5 ला सुमारे 90 टक्के अख्खे रेणू, तर 8.5 ला जेमतेम 10 टक्के. बेसॉल्टमधले पाणी सहसा किंचित अल्कधर्मी असते, म्हणजे तराजू आपल्या विरुद्ध बाजूला झुकलेला. म्हणूनच पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबायचे आणि मगच पाणी सोडायचे. क्लोरीनची मात्रा आणि संपर्काचा वेळ यांचा गुणाकार महत्त्वाचा आहे. एक कमी पडले तर दुसरे वाढवावे लागते.

आणखी एक गुंता अमोनियाचा. पाण्यात मैला किंवा मूत्र मिसळले असेल तर क्लोरीन आधी त्यातल्या अमोनियाशी जुळते आणि क्लोरामाइन तयार होतात. ती जंतू मारतात, पण फार सावकाश. अमोनियाच्या रूपातल्या 1 मिलिग्रॅम नायट्रोजनचा पुरता निकाल लावायला 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन लागते. त्या टप्प्यापर्यंत घातलेले क्लोरीन अमोनियातच अडकते, तो ओलांडल्यावरच मुक्त क्लोरीन शिल्लक राहू लागते. यातून निघणारी गोष्ट ऐकायला उलटी वाटते. ‘पावडरीचा उग्र वास येतो, कमी टाका’ अशी तक्रार नळकोंडाळ्यावर नेहमी होते. तो डोळ्यांना झोंबणारा वास पुष्कळदा क्लोरामाइनचा असतो, म्हणजे त्या पाण्यातल्या घाणीच्या मानाने पावडर कमीच पडलेली असते.

पगारातून आधी सगळी देणी भागवायची आणि मग हातात काय उरते ते पाहायचे, तसा हा हिशेब आहे. भारतीय मानक आयएस 10500 नुसार देणी भागून लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन ग्राहकाच्या नळाला उरले पाहिजे. एवढीशी शिल्लक कशाला लागते? आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसते. पाणी बंद झाले की पाइपातला दाब पडतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी, गटाराचेही, आत ओढले जाते. टाकीत शुद्ध केलेले पाणी वाटेत पुन्हा बाटते. त्या वेळी कामी येते ती हीच शिल्लक. 15 ऑगस्ट 2019 ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. वाडीवस्तीवर पाइप पोहोचणे फार मोलाचे आहे, पण पाइप जितका लांब, तितकी ही शिल्लक टिकवणे अवघड.

पावडर कालवणे हेही एक कसब आहे. रोजचा अंदाज हजार लिटरला 5 ग्रॅमचा, तोही पावडरीत 33 टक्के क्लोरीन असेल तर. पोत्याचे तोंड उघडे राहिले, दमट हवा लागली की क्लोरीन उडून जाते आणि मागे राहतो तो बहुतांशी चुनाच. कसलेला जलसुरक्षक (गावच्या पाण्यात पावडर घालणारा माणूस) प्लास्टिकच्या बादलीत पावडरीचा आधी पातळ लगदा करतो, मग बादली पाण्याने भरून ढवळतो आणि थांबतो. चुना तळाशी बसतो. वरची निवळ तेवढी तो टाकीत ओततो, गाळ फेकून देतो. पावडर कोरडीच टाकीत भिरकावली तर गोळे तळाला जातात आणि वरचे पाणी तसेच राहते.

आता बाजाराबद्दल. दारोदार फिरणारे फिल्टरविक्रेते टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला दिसतच नाहीत. 60 टीडीएसचे पाणी पटकी देऊ शकते आणि 600 टीडीएसचे पाणी निर्धोक असू शकते. दुसरा खेळ विजेच्या कांड्यांचा. नळाच्या पाण्यात त्या घातल्या की पाणी तपकिरी होते, फिल्टरच्या पाण्यात होत नाही. तो गाळ पाण्यातून निघत नाही, तो कांडीच्या विरघळलेल्या लोखंडाचा असतो. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून लोखंडही सुटत नाही. गावात आठवीतल्या मुलांकडून हा प्रयोग चिमूटभर मीठ घालून करून घ्यावा. मीठ पडताच फिल्टरचे ‘शुद्ध’ पाणीही तपकिरी होते.

क्लोरीनच्याही मर्यादा आहेत. खतांमधून आलेले नायट्रेट त्याने जात नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याला दादच देत नाही, त्यासाठी पाणी खळखळून उकळावे लागते. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड वाचतात, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळायचे आणि मगच पावडर.

तपासणी मात्र कुणालाही जमते. ओटीच्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाने क्लोरीन तपासायच्या संचातल्या बाटलीत पाणी घ्यायचे, द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. तपासलेले पाणी प्यायचे नाही, ओतून द्यायचे. ही तपासणी टाकीखाली एकदा आणि सर्वांत लांबच्या घरी एकदा, एकाच सकाळी करायची. दोन्हीकडे रंग नसेल तर पावडर जुनी आहे किंवा कमी पडते आहे. टाकीखाली पिवळा आणि शेवटच्या घरी कोरा असेल, तर जास्त पावडर ओतण्याआधी मधली लाइन चालून पाहावी आणि वॉल्व्हच्या खड्ड्यांत साचलेले पाणी उपसून गळका सांधा शोधावा.