पाण्यावर आखलेलं वर्तुळ

४ जुलै २०१२, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची रात्र. पश्चिम किनाऱ्यावर सॅन दिएगोच्या उपसागरात बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांवर, आतषबाजी मांडून ठेवलेली होती. काठावर माणसांची दाटी होती, लेकुरवाळी घरं चटया अंथरून बसली होती. कार्यक्रम नऊला सुरू व्हायचा होता. नऊला पाचेक मिनिटं कमी असताना सगळं एकदम पेटलं. पंधरा-वीस मिनिटं पुरवायचे ते सुमारे ७,००० फटाके अर्ध्या मिनिटाच्या आत संपले. पाण्यावर पांढऱ्या उजेडाच्या भिंती उभ्या राहिल्या, मग धूर, मग शांतता. पुढे उलगडा झाला तो असा: संगणकाला मूळ आणि राखीव अशा दोन फायली द्यायच्या होत्या, त्या देताना सूचनांची दुबार नोंद झाली आणि यंत्राने सगळे हुकूम एकाच क्षणी बजावले. एवढं होऊनही कुणालाही इजा झाली नाही.

त्याच रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ऑयस्टर बेमध्येही आतषबाजी होती. ती ठरल्याप्रमाणे पार पडली. ती बघून घरी निघालेली ३४ फुटांची एक बोट अंधारात उलटली. तिच्यावर २७ माणसं होती. बाकीची वाचली, पण तीन मुलं आतल्या केबिनमध्ये अडकली आणि गेली.

जिथे आतषबाजीचा पुरता घोटाळा झाला तिथे कुणाला ओरखडा नाही, आणि जिथे ती नीट झाली तिथे तीन लेकरं गेली. पाण्याकाठच्या आतषबाजीचा विषय निघाला की मला त्या एकाच रात्रीच्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पहिल्या ठिकाणी माणसं आणि दारूगोळा यांच्यात मोजून ठेवलेलं अंतर कामी आलं. दुसऱ्या ठिकाणचा धोका त्या अंतराच्या हिशेबात येतच नव्हता.

आधी ते अंतर बघू. अमेरिकेत पाण्यावर आतषबाजी असली की तटरक्षक दल एक तात्पुरता नियम काढतं. अमुक अक्षांश-रेखांशाभोवती इतक्या फुटांचं वर्तुळ, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत. ‘बंदराचा कप्तान’ या हुद्द्याचा तटरक्षक अधिकारी असतो, त्याच्या परवानगीशिवाय त्या वर्तुळात शिरायचं नाही, त्यातून आरपार जायचं नाही आणि आत नांगरही टाकायचा नाही. परवानगी हवी असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर हाक मारायची. ऐन सणाच्या दिवशी हे कसलं दफ्तर, असं बोटवाल्यांना वाटतं. पण वर्तुळाचा तो आकडा कुणी मनाला येईल तसा लिहिलेला नसतो. तो गोळ्याच्या व्यासावरून निघतो.

मोठ्या आतषबाजीतला गोळा आपल्या दिवाळीतल्या बाणासारखा स्वतःच्या बळावर चढत नाही. तो तोफेच्या गोळ्यासारखा नळीतून उडवला जातो. प्लास्टिकच्या किंवा फायबरग्लासच्या जाड नळ्या बार्जवर रांगेने, लाकडी चौकटीत नाहीतर वाळूत घट्ट बसवलेल्या असतात. तोंडावर पातळ अॅल्युमिनियमचा कागद ताणलेला असतो, दव किंवा शेजारच्या गोळ्याची ठिणगी आत जाऊ नये म्हणून. नळीच्या तळाशी काळी दारू: सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. विजेच्या तारेने ती पेटली की गोळा सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने वर सुटतो. सुटतानाच त्याची स्वतःची वात पेटते. ती आतल्या दारूपर्यंत पोचेतो गोळा शिखर गाठतो, आणि मग ते लाल-हिरवे तारे फुलतात. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. किती वर जायचं याचा ढोबळ आडाखा असा की व्यासाच्या दर इंचाला सुमारे १०० फूट. म्हणजे १२ इंची गोळा १,२०० फुटांच्या आसपास फुटतो.

अमेरिकेत वापरली जाणारी अग्निसुरक्षेची संहिता सांगते की नळीच्या व्यासाच्या दर इंचाला प्रेक्षक किमान ७० फूट लांब असावेत. ८ इंचाला ५६० फूट, १२ इंचाला ८४० फूट, म्हणजे २५६ मीटर. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं तर जवळपास ५० एकर भरतं. एका बार्जसाठी ५० एकर पाणी मोकळं ठेवायचं, आणि तेही जत्रेसारख्या गर्दीत.

एवढं कशाला? कारण शेकड्यांनी गोळे उडतात तेव्हा एखादा फुसका निघतोच. वात विझते, गोळा फुटत नाही आणि तसाच खाली येतो. ६ इंची गोळ्याचं वजन किलोभर किंवा थोडं अधिक असतं. हवेचा विरोध धरून हिशेब केला तर तो पाण्यावर आदळताना ताशी १६० किलोमीटरच्या घरात असतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू याच वेगाचा, पण तो १६० ग्रॅमचा, आणि त्याच्या पोटात दारू नसते. हा गोळा बोटीच्या छपरातून आरपार जाईल. काही गोळे विझलेले नसतात, नुसते उशिरा फुटणारे असतात. ते खाली, माणसांच्या उंचीवर फुटतात.

पाण्यात पडलेला फुसका गोळा बुडेल असं आपण धरून चालतो. पण त्याच्या वजनाला आकारमानाने भागून बघा, घनता पाण्यापेक्षा कमी येते. तो तरंगतो, प्रवाहाबरोबर फिरतो आणि सकाळी वाळूत येऊन पडतो, कागदात गुंडाळलेल्या नारळासारखा. अशी वस्तू सर्वांत आधी पोरंच उचलतात. कार्यक्रम संपला तरी वर्तुळ लगेच उठवत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. बार्जवरची माणसं आधी थांबतात, मग नळी न् नळी तपासतात, कुठे न उडालेला गोळा राहिलाय का ते बघतात.

दिवाळीत बाटलीत बाण लावून पेटवला आणि ऐन वेळी बाटली कलंडली, असं ज्यांनी पाहिलंय त्यांना बार्जची पुढची अडचण लगेच कळेल. बार्ज ही पाण्यावर ठेवलेली बाटलीच आहे. ती नांगरांनी चहूबाजूंनी बांधतात, तरी जवळून कुणी जोरात बोट काढली की तिच्या लाटेने ती डोलते. नळी सरळ उभ्या रेषेतून फक्त २ अंश कलली, तरी फुसका गोळा तीसेक मीटर बाजूला जाऊन पडतो. ५ अंश कलली तर ऐंशी-नव्वद मीटर. भल्या मोठ्या बार्जला छोट्या बोटीची लाट ५ अंश हलवणार नाही हे खरं, पण वारा आणि लाट एकाच दिशेची असली तर चुका एकमेकींत मिळतात. आणि चौकट मोडली तर मग कोनाचा प्रश्नच उरत नाही. २०१३ च्या ४ जुलैला कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत जमिनीवरच नळ्यांची चौकट आडवी झाली आणि गोळे लोकांत घुसले. तीसहून जास्त माणसं जखमी झाली. पाण्यावरचं वर्तुळ अशाच वेळेसाठी राखलेलं असतं.

आता त्या वर्तुळाच्या कडेला थांबलेल्या बोटीत बसून बघा. जमिनीवर दोरी बांधता येते, पोलीस उभा करता येतो. पाण्यावर रेघ दिसत नाही. ती फक्त जीपीएसच्या पडद्यावर आणि गस्तीच्या बोटींच्या निळ्या दिव्यांत असते. चालकाने मोठ्या इमानाने कडेबाहेर बोट थांबवली, इंजिन बंद केलं, आता सगळे वर बघताहेत. ओहोटीचा प्रवाह फक्त एक नॉट, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, चालण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी. त्या प्रवाहात बोट सव्वातीन मिनिटांत १०० मीटर सरकते आणि वीस मिनिटांच्या कार्यक्रमात ६०० मीटर. कुणालाच कळत नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्या बोटी तेवढ्याच सरकत असतात. आपल्या कोकणातला तांडेल अशा वेळी आभाळाकडे बघत नाही. तो काठावरचे दोन दिवे एका ओळीत धरतो आणि ओळ मोडली की समजतो, आपण वाहत चाललोय. त्या रात्री प्रत्येक बोटीवर असं वर न बघणारं एक माणूस पाहिजे.

त्याने वर न बघण्याला आणखी एक कारण आहे, डोळ्यांचं. अंधारात बघण्याचं काम नेत्रपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य प्रखर उजेडाने उडून जातं आणि पुन्हा पुरतं भरून यायला २० ते ३० मिनिटं लागतात. सिनेमागृहात उशिरा शिरलं की काही वेळ खुर्ची दिसत नाही, तोच हा प्रकार. आतषबाजीचा शेवट नेहमी सर्वांत झगझगीत असतो. तो संपतो त्याच मिनिटाला इंजिनं सुरू होतात आणि शेकडो बोटी एकाच अरुंद तोंडाकडे निघतात. सुकाणू ज्यांच्या हातात, त्यांचे डोळे त्या क्षणी दिवसभरात सर्वांत अधू असतात. पाण्यावर धूर साचलेला असतो. बोटीला डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो, त्यावरून समोरची बोट येतेय की जातेय ते ओळखायचं असतं. तो इवलासा लाल ठिपका मागच्या हॉटेलांच्या, सिग्नलांच्या, गाड्यांच्या दिव्यांत हरवून जातो.

ऑयस्टर बेची बोट याच वेळी, याच गर्दीत परतत होती. २७ माणसांचं वजन साधारण दीड टन धरा. पण नुसतं वजन बोट उलटवत नाही, ते कुठे बसलंय यावर सगळं असतं. सामान तळाशी असलं तर बोट कलल्यावर आपोआप सरळ होते. तेच वजन वरच्या डेकवर नेलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, सावरायची ताकद कमी होते आणि बोट सुस्तपणे, रेंगाळत डोलू लागते. अनुभवी माणसाला ते रेंगाळणं पायाला कळतं. दिसायला मात्र बोट शांत वाटते, लोक निर्धास्त असतात. आतषबाजी बघायला सगळ्यांना वरच जायचं असतं, आणि सगळ्यांना एकाच कठड्याशी. अशात बाजूने एखादी लाट आली की उभी माणसं उताराच्या दिशेने सरकतात. त्यांचं सरकणं कल आणखी वाढवतं. तिथून पुढे हातात काही राहत नाही.

किती माणसं घ्यायची हे त्या बोटीवर लिहिलेलं का नव्हतं? अमेरिकेत तशी पाटी सक्तीची आहे ती २० फुटांहून लहान मोटरबोटींना. ३४ फुटांची बोट त्यात बसत नव्हती. मला हे पटत नाही. भाड्याने किंवा ओळखीने घेतलेल्या बोटीत बसणाऱ्या आईबापांनी तो आकडा कुठून शोधायचा?

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला हाँगकाँगमध्ये याहून मोठा घात झाला. राष्ट्रदिनाची आतषबाजी बघायला एका वीज कंपनीचे कर्मचारी बायकामुलांसह ‘लामा ४’ नावाच्या बोटीने निघाले होते. व्हिक्टोरिया बंदरातले गोळे अजून उडायचे होते आणि बोट तिथून लांब, लामा बेटाजवळच होती. एका प्रवासी फेरीची धडक तिला बसली. ३९ माणसं गेली, त्यांत ८ मुलं. चौकशी आयोगाला दिसलं की मागच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत जे पाणबंद दार असायला हवं होतं, ते बसवलेलंच नव्हतं. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं आणि बोटीचा मागचा भाग दोनेक मिनिटांत खाली गेला. मुलांच्या मापाची जीवनजाकिटंही तिच्यावर नव्हती. आता तिथे आतषबाजी बघायला निघालेल्या बोटीवर प्रत्येक मुलाच्या अंगात जाकीट असावं लागतं आणि चालकाजवळ माणसांची यादी.

न्यू जर्सीत आपली मराठी घरं पुष्कळ आहेत. ४ जुलैला कुणी ना कुणी बोट ठरवतं, डबे भरून घेतात, मुलांना स्वेटर घेतात. त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. परतीच्या वाटेवर दहा-साडेदहाला मुलं पेंगुळतात आणि आपण मायेने त्यांना आत केबिनमध्ये निजवतो. ते करू नका. उलटलेल्या बोटीत केबिनचं दार पाण्याखाली जातं. बाहेर पडायचं तर आधी खाली बुडी मारावी लागते, आणि अंगातलं जाकीट तेव्हा मुलाला वर, आता छत झालेल्या जमिनीकडे दाबून धरतं. जाकीट जीव वाचवतं ते डोक्यावर मोकळं आभाळ असेल तर. म्हणून जाकीट घातलेलं मूल खालच्या उघड्या डेकवर, मोठ्या माणसाला टेकून बसलेलं पाहिजे. झोप आली असली तरी बाहेरच, धक्क्याला लागेपर्यंत.