बॉडी पॉझिटिव्हिटी : बडोद्याच्या मराठी घरांतून

शरीराचा आकार, रंग, वजन, उंची, डाग किंवा व्यंग यांवरून माणसाची किंमत ठरवू नये आणि कुणाला स्वतःच्याच अंगाची लाज वाटू नये, असा आग्रह धरणारा विचार म्हणजे बॉडी पॉझिटिव्हिटी. मराठीत त्याला शरीरस्वीकार म्हणता येते. याच्या उलट वागण्याला कॉलेजातल्या मुली 'बॉडी शेमिंग' म्हणतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत मात्र त्याला वेगळे नाव कधी पडले नाही, कारण ते काळजीच्या सुरात येते. 'जाड झालीस गं', 'हिच्या अंगाला काही लागतच नाही', 'उन्हात फिरू नकोस, आधीच सावळी आहेस'. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावता लावता असे एखादे वाक्य निघून जाते. बोलणारी ते जिना उतरेपर्यंत विसरते, ऐकणारीला मात्र ते वर्षानुवर्षे पुरते.

चळवळीचे मूळ अमेरिकेत आहे. १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जाड माणसे उघडपणे जमली. त्यांनी डाएटची पुस्तके आणि सडपातळ मॉडेल ट्विगीचे छायाचित्र जाळले. १९६९ मध्ये त्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. नोकरी, दवाखाना, प्रवास या ठिकाणी होणारा भेदभाव हा तिचा मुद्दा होता. 'बॉडी पॉझिटिव्ह' हे शब्द १९९६ मध्ये तिथल्याच एका संस्थेच्या नावातून पुढे आले आणि २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झाल्यावर हॅशटॅग होऊन जगभर पसरले. पसरताना विचार पातळ झाला. हक्कांची भाषा मागे पडली आणि साबण-क्रीमच्या जाहिरातींनी हेच शब्द उचलले. रोज आरशात पाहून 'मी सुंदर आहे' म्हणण्याची नवी सक्ती नको, शरीराचा विषयच थोडा बाजूला ठेवू, असे म्हणणारी बॉडी न्यूट्रॅलिटी ही शाखा त्यातून निघाली. मराठी घरांना ही शाखा जास्त मानवेल, असे वाटते.

बडोद्यात शरीराच्या चित्रांची गोष्ट फोनच्या कितीतरी आधी सुरू होते. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक प्रसंगांची चित्रे काढून घेतली. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. महाराजा फतेहसिंह संग्रहालयात त्याच्या मूळ चित्रांसमोर थोडा वेळ उभे राहावे. दंड गोल, हनुवटीखाली मांसलपणा, कंबर भरलेली. या स्त्रियांना आजचे फिटनेसचे रील दहा किलो उतरवायला सांगेल. म्हणजे वजनाचे माप शंभर-सव्वाशे वर्षांत पार बदलले. रंगाचे माप मात्र जागचे हलले नाही, कारण त्या भिंतीवरच्या देवीही गोऱ्याच होत्या. मांडवीहून कार्तिकी एकादशीला ज्याची मिरवणूक निघते तो विठ्ठल सावळा, त्याचे सावळेपण आपण डोळे भरून पाहतो; आणि मुलीच्या बायोडेटात 'वर्ण : उजळ' लिहितो.

या उजळपणाचा बाजार मोठा आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये भारतात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून 'फेअर' गेले. 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम २००९ ची. सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घालून दिली.

माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सिद्धांत म्हणून मांडले. पूर्वी ताडायला मावसबहीण आणि शेजारची असायची. नव्या चित्रांचा परिणाम किती लवकर होतो, हे फिजी बेटांवर दिसले. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तीन वर्षांत, वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेल्याचे अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत आढळले. २०२१ मध्ये फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आले. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींना इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाटू लागते, हे कंपनीला ठाऊक होते.

बडोद्यात हे सगळे नवरात्रात एकवटते. चणियाचोळीची पाठ उघडी, बाह्या आखूड, म्हणून श्रावणापासूनच कुणाचा भात बंद होतो. मैदानाच्या फाटकाशी चार मैत्रिणी फोटो काढतात. जिचे दंड जाड ती आपसूक मागच्या रांगेत जाते आणि ओढणी कोपरापर्यंत ओढून घेते. मग फोनवर दंड बारीक केला जातो. नीट पाहिले तर तिच्या मागचा मांडवाचा खांबही तेवढ्यापुरता वाकलेला दिसतो. आत मात्र गोलात लय वाढली की पाय आणि टाळी एवढेच उरते, आणि साठीची भारदस्त बांध्याची काकू तरण्या पोरींना मागे टाकते. युनेस्कोने २०२३ मध्ये गरब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते याच गोलासाठी.

मुलगे यातून सुटलेले नाहीत. 'काडीपैलवान' हा शब्द मराठीत उगाच नाही. बडोद्याला प्रो. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा आहे. तिथे शरीर कमावायचे ते काहीतरी करता यावे म्हणून. जिमच्या आरशासमोरचा फोटो शरीर दिसण्यासाठी कमावायला लावतो, आणि मग प्रोटीनच्या डब्यापासून इंजेक्शनपर्यंत वाट जाते.

शरीरस्वीकारावरचा गंभीर आक्षेप आरोग्याचा आहे आणि तो झटकून टाकू नये. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की सावध करतात. पण हे सूत्र क्वेटलेट या संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सरासरी माणूस शोधताना मांडले होते. एकेका माणसाचा निवाडा करायला ते बनलेलेच नव्हते. शिवाय लाजेने वजन उतरत नाही. उलट 'आधी बारीक व्हा' हे ऐकावे लागेल या भीतीने थायरॉइड किंवा पाळीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात जाणेच बायका टाळतात. मुलीने जेवण टाकले, ती लपून उलट्या करू लागली किंवा तासन्तास आरशापुढून हलेना, तर तो नखरा समजू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळीही चालतो.

घरातला स्वीकार फार छोट्या गोष्टींत दिसतो. आल्यागेल्याचे स्वागत वजनावरून न करणे, न विचारता मुलीचे फोटो गटात न टाकणे, खिजवणारी खाती बंद करणे. आणि शिवणात. ऑनलाइन मागवलेली चोळी तीन-चार ठरीव मापांत येते, आत कापड नसतेच. ती बसली नाही की मुलीला वाटते आपलेच काही चुकले. जुने शिंपी ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे माया सोडत. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वयानुसार ती टाके उसवून सैल करायची. आईच्या ट्रंकेतल्या ब्लाउजांवर त्या उसवलेल्या टाक्यांच्या रांगा अजून दिसतात, एकीमागे एक.