अत्यावश्यक वापर (घातक रसायनांचा)

अत्यावश्यक वापर म्हणजे एखादं घातक केमिकल एखाद्या वस्तूत किंवा कामात खरंच लागतंच का, हे ठरवायची कसोटी. केमिकल वाईट आहे हे इथे आधीच धरलेलं असतं, त्यावर वाद घालत बसायचं नाही, विचारायचं एवढंच की ह्या एका कामात ते नसलं तर कुणाचं काय अडतं. म्हणजे परवानगी केमिकलला नाही, वापराला मिळते, आणि एकाच केमिकलचा एक वापर पास तर दुसरा नापास असं सर्रास होतं.

सुरुवात आकाशातल्या ओझोनच्या थरापासून झाली. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात हा थर विरवणारे सीएफसी वायू कमी करत न्यायचं ठरलं, पण सगळंच एका झटक्यात कसं थांबवणार, म्हणून १९९२ ला कोपनहेगनच्या बैठकीत दोन अटी ठरल्या. वापर आरोग्यासाठी, सुरक्षेसाठी किंवा समाजाचं रहाटगाडगं चालायला गरजेचा हवा, आणि जमणारा, परवडणारा, कमी घातक पर्याय नसावा. दोन्ही अटी एकदम लागू पडल्या पाहिजेत. दम्याच्या पंपातला सीएफसी ह्यात बरीच वर्षं टिकला, हेअरस्प्रेच्या डब्यातला नाही, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे वायूचं काम एकच, आतला माल फसकन बाहेर ढकलायचा.

नाशिककरांना हे समजायला सातपूर-अंबडच्या कारखान्यांपुढे जायला नको. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, त्याचे तुषार वर्षानुवर्षं श्वासातून गेले तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर हार्ड क्रोम चढवतात ते रॉड झिजू नये म्हणून, नळाच्या तोटीवर चढवतात ते नुसतं चकाकावं म्हणून. चकाकीला ट्रायव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमियमचंच कमी घातक रूप, चालतं, शेड जराशी वेगळी येते इतकंच (आणि शेडपायी कामगाराची फुफ्फुसं पणाला लावायची का, हा प्रश्नच नाही खरं तर). हार्ड क्रोमचं तसं सोपं नाही. टाकीतले तुषार दाबायला पूर्वी पीएफओएस नावाचं अजून एक घातक केमिकल टाकायचे, २००९ ला स्टॉकहोम करारात (निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक केमिकलांवरचा जागतिक करार) त्यावर बंधनं आली तेव्हाही हाच फरक केला गेला, हार्ड प्लेटिंगला केमिकल बाहेर न सोडणाऱ्या बंदिस्त यंत्रणेच्या अटीवर मान्यता आणि शोभेच्या प्लेटिंगला फक्त मुदतीची सवलत.

पीएफओएस ज्या घराण्यातलं ते पीएफएएस, निसर्गात विघटन होऊन संपतच नाही असं. त्याच्यामुळेच ही कसोटी परत चर्चेत आली. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये अत्यावश्यक वापराचे निकष काढले, अमेरिकेत मेन राज्याने २०२१ ला ‘सध्या टाळताच येत नाही’ अशा वापरालाच सूट देणारा कायदा केला. दात साफ करायच्या धाग्यावर पीएफएएस कशाला हवं, हे कुणालाही पटतं.

खरी गोची आपल्या द्राक्षांत आहे. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना (म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना) हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, कारण इथे द्राक्षवेलीला हवी तेवढी थंडी मिळत नाही आणि पेस्ट नसेल तर डोळे मागेपुढे फुटतात, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, काढणी सगळ्याचंच वेळापत्रक कोलमडतं. औषध मात्र जहाल आहे, माणसाच्या कातडीला आणि डोळ्यांना इजा करतं, आणि लावल्यावर कुणी दारू घेतली तर शरीरात अशी रिअ‍ॅक्शन येते की त्या काळात दारू टाळायची ताकीदच असते. युरोपने २००८ मध्येच आपल्या शेतांत ह्याला मान्यता नाकारली. आता १९९२ च्या अटी लावा. द्राक्ष आरोग्यासाठी गरजेचं म्हणणं जरा ताणलेलंच होईल, पण बागायतदाराचं कर्ज आणि मजुराची मजुरी ह्यांना त्या पहिल्या अटीत सरळ जागाच नाही, ते सगळं दुसऱ्या अटीतल्या ‘परवडणारा’ ह्या एका शब्दात कोंबावं लागतं, आणि तिथेही हाताने पेस्ट लावणाऱ्या बाईच्या बोटांचा हिशोब कुठे धरायचा ते लिहिलेलं नाही.

पर्याय आहे की नाही हे सिद्ध कुणी करायचं हाही भांडणाचा मुद्दा. २०१९ ला युरोपच्या न्यायालयाने शिसं असलेल्या पिवळ्या-लाल क्रोमेट रंगांना आयोगाने दिलेली परवानगी रद्द केली, स्वीडन कोर्टात गेलं होतं. पर्याय नाहीत ह्याबद्दल शंका शिल्लक असताना परवानगी देता येत नाही, आणि ते पटवून द्यायची जबाबदारी परवानगी मागणाऱ्याची, असं कोर्टाने म्हटलं.