गडद म्हणजे स्ट्राँग? आधी चव घेऊन पाहा
आमच्या बिअर टेस्टिंगला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

समोर स्टाउट ही काळीभोर बिअर आली की "ही जास्त चढणार" असं कुणीतरी हमखास म्हणतं. रंगाचा आणि अल्कोहोलचा खरं तर संबंध नाही. रंग येतो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किती भाजलं त्यावरून, आणि अल्कोहोल ठरतं यीस्टने किती साखर आंबवली त्यावरून. आयरिश पद्धतीचा ड्राय स्टाउट साधारण 4 ते 4.5 टक्क्यांचा असतो, तर बेल्जियमची फिकट सोनेरी स्ट्राँग एल (बिअरचा एक प्रकार) सहज 8 टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणूनच आम्ही चार ग्लास शेजारी शेजारी मांडतो. एकच बिअर प्यायली तर ती "बरी" किंवा "कडू" एवढंच कळतं. दुसरी शेजारी असली की पहिलीत काय आहे आणि काय नाही, ते जाणवायला लागतं.

प्रत्येक ग्लासात 60 ते 90 मिली बिअर असेल, तेवढी पुरते. पिण्याआधी ग्लास हलकेच फिरवून वास घ्या, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यात नाकाचा वाटा फार मोठा. मग छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरू द्या. गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. घशामागून वर येणारा वास तेव्हाच कळतो. परफ्यूम मात्र त्या दिवशी टाळा, तुमच्यासाठी आणि शेजारच्यासाठीही.

सुरुवात बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरने होते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात ना केळं असतं ना लवंग. हे सगळं यीस्टचं काम. पिकल्या केळ्याला ज्या एस्टरमुळे (फळांसारखा वास देणारं रसायन) वास येतो, तोच एस्टर हे यीस्ट आंबवताना तयार करतं. आम्हाला स्वतःला ही बिअर सर्वांत जास्त आवडते, कारण यीस्ट काय करू शकतं ते इथे पहिल्याच वासात समजतं.

मग पिल्सनर. 1842 साली बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन शहरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने ती पहिल्यांदा बनवली. मऊ पाणी, फिकट माल्ट, साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि थंडीत सावकाश काम करणारं लागर यीस्ट. इथे यीस्ट स्वतःचा वास फारसा सोडत नाही, म्हणून माल्ट आणि हॉप्स स्वच्छ कळतात. आधीच्या ग्लासाशी तुलना करा, फरक लगेच लक्षात येईल.

तिसरा स्टाउट. भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीसारखी कडवट चव. शेवटी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, जिचा कडवटपणा हॉप्सचा. दोन्ही कडू, पण एक कडवटपणा भाजल्याचा आणि दुसरा संत्र्याच्या सालीसारखा किंवा पाइनच्या चिकासारखा. हॉप्सचा कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात, आकडा जितका मोठा तितकी बिअर कडू: गव्हाच्या बिअरमध्ये साधारण 8 ते 15, आयपीएमध्ये 40 ते 70. रंगाने फिकट असूनही आयपीए आम्ही शेवटी ठेवतो ती याचसाठी. हॉप्सचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि त्यानंतरची बिअर पाणचट वाटते. मध्ये मध्ये साधं पाणी पीत राहा.

बिअर बर्फगार का देत नाही, असं विचारलं जातं. फार थंडीत जीभ बधिर होते आणि वासही दबतो. पिल्सनरसारख्या लागरला 4 ते 7 अंश सेल्सियस ठीक, स्टाउटला 10 ते 13. ग्लास फारच गार वाटला तर दोन्ही तळव्यांत धरून थोडा थांबा. घरी ग्लास धुताना तेलकटपणा राहू देऊ नका, त्याने फेस टिकत नाही. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर तो नीट धुतलेला नाही असं समजा.

काही वास दोषाचे असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे बिअर जुनी झाली, हवा लागली. पिल्सनरला लोण्याचा ठळक वास आला तर बहुधा आंबवणं अर्धवट राहिलं. रबरासारखा कुबट वास म्हणजे उजेड लागला. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडतात, आणि हिरवी किंवा पारदर्शक बाटली ते फारसं अडवू शकत नाही. म्हणून तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या आणि ते अंधारात ठेवा. असा वास आमच्या ग्लासाला आला तर निःसंकोच सांगा, आम्ही तो बदलून देऊ.

शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून तीन ग्लास देतो. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा जमेल, म्हणून ही फेरी आपण तीनदा घेतो.

कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश आहे, वयाचा पुरावा सोबत आणा. परत जाताना गाडी चालवू नका.