थायरॉईडचा थकवा आणि दगदगीचा थकवा

"मला थायरॉईड आहे" असं आपण सर्रास म्हणतो. थायरॉईड सगळ्यांनाच असते, ती गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. आपल्याला म्हणायचं असतं की ती कमी काम करते, किंवा जास्त. माझी कमी करते. अकरा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी 75 मायक्रोग्रॅमची एक गोळी, यापलीकडे तिने मला कधी फारसा त्रास दिला नाही. मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला.

सव्वा महिना दवाखाना, पुढे पाच महिने घरात पलंगावर, आणि माघात अण्णा गेले. चैत्र उजाडला तरी मला एक जिना चढवेना. आत्यासासूबाई म्हणाल्या, "इतकी जागरणं काढलीस, दुसरं काय होणार? पड जरा." शेजारच्या वहिनींचं निदान वेगळं होतं: "थायरॉईड वाढलं असेल, डोस वाढवून घ्या." दोघींचं थोडंथोडं खरं होतं. पण कुणाचं किती, हे कळायला मला दोन महिने लागले, कारण हे दोन थकवे वरून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. दोन्हींत माणूस गळून जातो, गॅसवर दूध ठेवून विसरतो, चिडतो, फोन वाजला तरी उचलत नाही.

फरक आहे तो त्यांच्या चालीत. ग्रंथी मंद झाल्याचा थकवा सपाट असतो. सकाळी जितका, संध्याकाळी तितकाच. कुणी आवडीचं माणूस आलं, हसणं-बोलणं झालं, तरी तो तसूभर हलत नाही. अंगातला जाळच कमी केल्यासारखं होतं, आणि म्हणून बाकीची लक्षणंही मंदपणाचीच: थंडी वाजणं, पोट साफ न होणं, कातडी कोरडी पडणं, आवाज घोगरा होणं, सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसणं, पाळीत अंगावर जास्त जाणं. नाडीही संथ होते. झोप हवी तेवढी मिळते, पण झोपून उठलं तरी अंग आंबलेलंच. चैत्रात, पंखा फिरत असताना मी पायमोजे घालून बसायचे. ते कुठल्याच जागरणाने होत नाही.

दुःखाचा आणि दगदगीचा थकवा लाटांनी येतो. दुपारी मुलाच्या एखाद्या विनोदावर खळखळून हसू येतं, आणि संध्याकाळी कपाटात अण्णांचा चष्मा सापडला की हातपाय गळतात. इथे झोप जास्त होत नाही, मोडते. थंडी, घोगरा आवाज, कोरडी कातडी यांचा पत्ता नसतो.

केस मात्र या भांडणात साक्षीदार म्हणून उभे करू नका. ते दोन्हीकडून गळतात. मोठ्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, तेव्हा धक्का आपण विसरलेलो असतो आणि खापर थायरॉईडवर फुटतं. वजनाचंही तसंच. ग्रंथी मंदावल्याने वजन वाढतं ते सहसा थोडंच, त्यातलंही बरंच अंगात साठलेलं पाणी. दवाखान्याच्या कॅन्टीनमधले वडे त्याच्या खात्यात घालण्यात अर्थ नाही. (मी घातले होते.)

ज्यांची ग्रंथी जास्त काम करते, त्यांची फसगत उलटी होते. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं. घरात कुणी आजारी असताना याला सगळे "टेन्शन" म्हणून मोकळे होतात. पण भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, उकाडा सहन होत नसेल आणि शांत बसल्यावर, अगदी झोपेतही नाडी जोरात पळत असेल, तर रक्त तपासून घ्यावं. काळजीतली धडधड सहसा झोपेत उतरते.

आता मुख्य गोष्ट. हे दोन थकवे नुसते सारखे दिसत नाहीत, एक दुसऱ्याला घरात घेऊन येतो. दवाखान्यात मुक्कामाला निघताना मी डबा, चादर, फाइल, चार्जर सगळं घेतलं. गोळ्यांची बाटली फ्रिजवर राहिली. दोन दिवस चुकले, काहीच झालं नाही. होतही नाही, कारण या औषधाचा अंगातला साठा निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. हाच त्याचा दगा. "चुकली तरी चालतं" असा समज होतो आणि महिनाभराने मागची बाकी वसूल होते. घरी आल्यावर गोळी सुरू झाली, पण चहाच्या पहिल्या घोटासोबत, आणि अण्णांच्या औषधांचा डबा उघडला की त्याच वेळी माझी कॅल्शियम आणि लोहाची गोळीही. चहा-कॉफीआधी अर्धा ते एक तास, आणि कॅल्शियम-लोहापासून चार तास, एवढं अंतर ठेवलं नाही तर गोळी पोटात जाते पण पुरती रक्तात उतरत नाही.

रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन (ग्रंथी मंद पडली की ते वाढतं), आलं 14.6. साधारण 0.4 ते 4 हवं. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. "गोळी कशी घेता, ते सांगा," एवढंच विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून तोच डोस नीट घ्यायला सांगितला. वहिनींचं ऐकून मी आपल्या मनाने 100 ची सुरू केली असती, तर पुढे गोळी नीट पोहोचू लागल्यावर तीच जास्त झाली असती: धडधड, आणि फार काळ चाललं तर हाडं ठिसूळ. केसांसाठी मी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होते, तेही त्यांनी तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवायला लावलं होतं, कारण त्याने आकडे फसवे येतात. पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. त्याआधी केली तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो.

एक गोष्ट मात्र आकड्यासाठी थांबवू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सतत स्वतःलाच दोष दिला जात असेल, जगणं नको वाटत असेल, तर टीएसएच कितीही असो, मनाच्या डॉक्टरांशी बोलावं. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मंद थायरॉईडनेही मन खाली बसतं, म्हणून रक्तही तपासावं. एकाने दुसरं रद्द होत नाही.

आठ आठवड्यांनी माझं टीएसएच 3.1 आलं. पायमोजे सुटले, आवाज मोकळा झाला, जिना चढवू लागला. पहाटे चारला मात्र डोळा उघडायचा, तो अजून उघडतो. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, "हे माझ्या गोळीचं नाही." मलाही माहीत होतं. अण्णांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असायची, आणि चारची पाळी माझी होती.