जाम झालेलं शिलाई मशीन: वाळलेलं तेल की गंज?

जुनं शिलाई मशीन बघायला गेलं की पहिला हात चाकावर जातो. चाक हलत नाही. विकणारा म्हणतो, "तेल घातलं की चालेल." बघणारा मनात म्हणतो, "गंजलंय." खरं कुणाचं, ते नुसत्या चाकावरून कळत नाही. वाळलेलं तेल आणि गंज, दोन्ही तपकिरी दिसतात आणि दोन्ही मशीन अडवतात.

मशीनचं तेल ताजं असताना पातळ आणि पाण्यासारखं स्वच्छ असतं. 20-30 वर्षं तसंच पडून राहिलं की हवेने ते आधी मधासारखं घट्ट होतं, मग व्हार्निशसारखं कडक. कुणी हौसेने स्वयंपाकाचं तेल ओतलं असेल तर हे आणखी लवकर होतं. गंज म्हणजे ओल आणि हवेने खाल्लेलं लोखंड. एकात धातूवर काहीतरी चढलंय, दुसऱ्यात धातूच गेलाय. गंमत म्हणजे तो चिकट थर धातूला हवा लागू देत नाही. म्हणून तेलकट, मळकट मशीन पाहिलं की मला उलट बरं वाटतं.

मशीन मागे कलवून खालच्या दांड्या बघा. डागावर नख घासा. तेलाचा थर चकाकतो आणि मेणासारखा निघतो. रॉकेलच्या फडक्याने पुसलं की फडकं चहाच्या रंगाचं होतं, खाली पोलाद लखलखतं. गंज कोरडा, खरखरीत असतो. बोटाला भगवी पूड लागते आणि पुसूनही बारीक खड्डे उरतात. तरी शंका असेल तर सांध्याजवळ पाच मिनिटं हेअर ड्रायर धरा. तेल मऊ पडून चाक कण्हत दोन बोटं सरकेल. गंजाला त्या उबेने काही होत नाही.

गंज दिसला म्हणून लगेच पाठ फिरवू नका, कुठे आहे ते बघा. चाकाच्या कडेवरचे खड्डे फक्त डोळ्याला खुपतात. शटलच्या, म्हणजे सुईखाली बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणाऱ्या भागाच्या, टोकावर असतील तर दोरा तुटत राहील, पण शटल बदलता येतं. सुईची दांडी खड्ड्यांनी भरली असेल तर मात्र मी घेणार नाही.

चाक थोडं फिरून नेमकं एकाच जागी टणकन थांबत असेल, तर बहुधा दोन्ही नाही, शटलमध्ये दोरा अडकलाय. एका मशीनला मी दोन दिवस तेल पाजलं आणि निघाला बोटभर काळा दोरा. सिंगर 15 सारख्या मशीनमध्ये दोन खिट्ट्या सरकवल्या की शटल हातात येतं, पाना लागत नाही.

तेलच वाळलंय हे ठरलं की प्रत्येक सांध्यात रॉकेलचा थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. चाकाशी झटापट नको. रॉकेल मळ काढतं, वंगणाचं काम करत नाही, त्यामुळे चाक सुटल्यावर मशीनचंच तेल घाला. आणि बाहेरची सोनेरी नक्षी स्पिरिटने पुसू नका, तिच्यावरचा लाखेचा थर त्यात विरघळतो.